जमा-नावे

तेइरिता निवृत्त झाला त्या सोमवारी
क्रीडा खात्याची वही माझ्याकडे आली.
पुठ्ठ्यावर खाऱ्या हवेची बुरशी, आत खूण म्हणून
माशाच्या डब्यावरचं एक लेबल.

फुटबॉल. पुरुष. बेटांच्या क्रीडास्पर्धा,
चार वर्षांनी एकदा, पैसे जमले तर.
सामने दहा.
जिंकले : रेघ. बरोबरी : रेघ. हरले : दहा.
केलेले गोल जमेला, खाल्लेले नावे.
नावेच्या रकान्यात एकशे अठरा.
जमेला एक.

तेइरिताचं अक्षर सुरेख. चौदा-शून्यसुद्धा त्यानं
लग्नाची तारीख लिहावी तसं लिहिलंय.

आमचं मैदान म्हणजे वाळू, प्रवाळाची, पांढरी.
पडलात की गुडघा सोलून निघतो.
एका गोलामागे समुद्र, दुसऱ्यामागे खाडी.
चेंडू जोरात मारला तर होडी काढावी लागते,
म्हणून आमची पोरं बेतानं मारतात.
तिकडे हिरवळीवर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा
कामोरिकीनं बूट काढून तळव्यानं चाचपून पाहिलं.
यावर झोपायचं असतं, म्हणाला, धावतात कसे?

हे वहीत नाही.

फुटबॉल उद्घाटनाच्या आधीच सुरू होतो तिथे.
ज्योत पेटायच्या आत आम्ही तीनदा हरलेले.
मग संध्याकाळी संचलन, कमरेला नव्या चटया,
गळ्यात शिंपल्यांच्या माळा,
आणि अख्खं स्टेडियम आमच्यासाठी उभं राहतं,
कारण निकाल सगळ्यांना ठाऊक असतो.
गोलकीपर बाउरो म्हणतो, चौदा चेंडूंपेक्षा
त्या टाळ्या जास्त लागल्या.

पुढचे दहा दिवस रिकामे.
राकेंताइच्या वजनांच्या तालमीला पाणी भर,
तिचा टॉवेल धर, तिच्या नावानं ओरड.
तिच्या पदकाच्या फोटोत कडेला आमचा संघ आहे,
एकाच्या हातात बादली.
तो फोटो टपाल कचेरीत लावलाय.
बादली मात्र फ्रेमनं कापली.

आणि तो एक गोल.
नऊ-शून्य असताना भोपळा फुटला.
ताबेराऊ सांगतो, माझं कपाळ.
कामोरिकी सांगतो, कपाळ कुठलं, त्यांच्याच
बचावपटूची पाठ. अजून त्यावरून
दोघं एका होडीत बसत नाहीत.
तेइरितानं 'कोणी केला' ही जागा कोरी ठेवली.
तो दोघांचाही मावसभाऊ.

परवा संध्याकाळी बाउरोकडे गेले.
तो माडावर होता, ताडी काढायला, गात.
खालून विचारलं : अडवलेस किती?
गाणं थांबलं.
पोयीवर चाकू फिरल्याचा आवाज तेवढा आला.
बराच वेळानं खाली उतरला,
करवंटीतला रस माझ्यापुढे धरला :
अडवलेले कोण मोजतं, म्हणाला,
ते तर परत येतातच.

आज कचेरीत वही उघडली.
खाल्लेले गोल नावे. तेइरिताचाच शब्द, मी काही खोडलं नाही.
आकड्याशेजारी, समासात, पेन्सिलीनं
खरोखरीची नावं लिहायला घेतली,
बाउरोपासून. ताबेराऊ. कामोरिकी. इओतेबा.
बिरिबो, ज्यानं बूट वेटलिफ्टरकडून उसने घेतले होते,
दोन नंबर मोठे.
दहाव्यापाशी अडले.
डावा बचाव कोणाकडे होता
ताबेराऊला आठवेना, कामोरिकीलाही नाही.
एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं :
उंच होता, दक्षिणेकडच्या बेटावरचा,
चेंडू आला की आधी माफी मागायचा,
पुढे मालवाहू जहाजावर गेला.

तेवढंच लिहिलं.