तेलुगूसाठी तीन दाबा

होटगी रोडच्या त्या दुसऱ्या मजल्यावर
घरची तेलुगू पहिल्यांदा पगाराला लागली.
नाहीतर शाळेत,
'आई आला' म्हटलं की हसायची पोरं.

मंगळवारी शटर खाली.
कुलूप नवं, किमतीचं स्टिकरही निघालं नव्हतं.
वॉचमन कोळीमामा म्हणाले,
माझाबी दोन महिन्यांचा राहिलाय, मला काय विचारता.
एकशेचाळीस जण जिन्यावर.
कुणाचा डबा आत, कुणाची छत्री,
मुदस्सर बागवानचं तर दहावीचं अस्सल मार्कशीट.
दिवसभर अनोळखी माणसांना
'आपली अडचण समजते' म्हणणारे आम्ही,
एकमेकांना काय म्हणावं, सुचेना.

आईनं काही विचारलं नाही.
पानं भिजवून ठेवली होती,
कात्री सरकवली माझ्याकडं.
मी कापलेली वाकडी पानं
तिनं वेगळी ठेवली. टाकली नाहीत.

चौथ्या दिवशी ऑफिसचा नंबर लावला.
लागला की!
मराठीसाठी एक, हिंदीसाठी दोन.
मी तीन दाबलं
आणि माझाच आवाज आला,
मागच्या श्रावणात रेकॉर्ड केलेला,
सर्दी होती तेव्हा थोडी.
लायनीवर राहा, म्हणत होता,
तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे.

पंचविसाव्या विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता
आईचा हात थांबला.
"कोण गं ही पोरगी? किती गोड बोलती."

मी फोन ठेवला नाही.
रिचार्ज उद्यापर्यंतचा होता.