पत्ता तोच

वडील गेल्यावर संकेतस्थळाची किल्ली माझ्याकडे आली:
वीजबिलाच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलेला पासवर्ड.
सारेमा बेटावरचे पक्षी, एकोणीस वर्षांच्या नोंदी,
पिवळ्या पानावर हिरवी अक्षरं. डोळ्यांना नुसता जाच.

हिवाळाभर बसले.
अक्षर थोरलं केलं, कडेला ऐसपैस समास सोडला
त्यांच्या लांबलचक टिपांसाठी.
अंधार पडला की पान आपसूक काळं होतं,
आणि आमच्याकडे डिसेंबरात तो साडेतीनलाच पडतो.

पत्त्यांना मात्र हात लावला नाही.
'कायाकास' म्हणजे कुरव. त्यातला एक 'का'
मार्चच्या गारठ्यात त्यांच्या बोटांतून निसटला होता.
राहू दिला निसटलेला.
त्या चुकीच्याच नावानं त्याला ओळखतात
कुठली कुठली माणसं.

पॅर्नूच्या हेल्येबाईंची मधमाश्यांची पानं केव्हाच बुजली.
तिकडे जाणारा दुवा पुसवेना.
कुठूनशी जुनी प्रत मिळवली, आपल्याच घरात ठेवली,
शेजारी बारीक ठिपका: मूळ ठिकाण आता नाही.

काल नोंदींत दिसलं,
पहाटे चारला कुणी येऊन गेलं,
पक्षी-मनोऱ्याच्या लाकडी पाटीवर
वडिलांनी रंगवलेल्या पत्त्यावरून.
इतक्या थंडीत, बॅटरी धरून, कोण वाचत होतं ती पाटी?

ते पान मी दोनदा हलवलंय.
पाहुण्याला पत्ताही लागला नसेल.
सरळ कुरवापाशी पोचला, आवाजाची फीत उघडली.

फितीच्या शेवटी वडिलांना खोकला येतो.
तोही ऐकला असणार.