समोरासमोरची पानं

दुर्मितोरच्या उतारावर बाबा आधी वाकत नसत.
उभ्यानेच पानं बघत.
"समोरासमोर बसलेली, ती लिंत्सुरा.
एकाआड एक, पाठ फिरवलेली, ती चेमेरिका.
पहिली भूक आणते, येलेना,
दुसरी माणूस नेते."

फुलं येईपर्यंत दोघी सख्ख्या बहिणी दिसतात,
तीच रुंद पानं, त्याच उभ्या शिरा.
चेमेर म्हणजे विष. चेमेर म्हणजे दुःखही.
आमच्या भाषेने त्यासाठी दोन डबे ठेवले नाहीत.

मिलिसाव चुकला एकदा, धुक्यात, घाईत.
जावई यायचा होता, बाटलीत मूळ घालायचं होतं.
घोटभर चाखलं म्हणून वाचला.
त्यानंतर तो कोबीचंसुद्धा पान उलटून बघायचा.

म्हणे कुठल्याशा राजाने शोधली ही मुळी,
नावही त्याचंच लागलं साऱ्या घराण्याला,
वर खडकात बसणाऱ्या निळ्या धाकट्यांनासुद्धा.
बाबा हसत. "राजाने कधी खणलंय काही?"

त्यांची कुदळ दोन दातांची.
मूळ हातभर खोल, वाकडं, हट्टी.
तुकडा आत ठेवायचा, खड्डा टाचेने बुजवायचा.
ताप आला, कडू पाणी.
गाईने रवंथ सोडला, कडू पाणी.
आई गेली त्या वर्षी बाबांनी स्वतःसाठीही केलं होतं,
कुणाला न सांगता.

मग ट्रक आले. किलोवर भाव आला.
उतारावर देवी आल्यासारखे खड्डे पडले,
आणि खड्ड्यांमागून कायदा आला.
आता माझा ओग्न्येन हिरवं जाकीट घालून पहारा देतो.
"आजा चोर, नातू शिपाई," बाबा म्हणत,
आणि त्याच्यासाठी चीजचा मोठा तुकडा काढून ठेवत.

या एप्रिलपासून त्यांनी ताट सरकवायला सुरुवात केली.
सूप नको. दूध नको. डोळे भिंतीकडे.
जूनमध्ये मी कुदळ घेऊन वर गेले.

सापडली एक. गुडघाभर, अजून न फुललेली.
पानं समोरासमोर,
जेवायला बसलेल्या नवराबायकोसारखी.
दहा वर्षं लागतात हिला पहिल्या फुलाला.
मी वय मोजलं, तिचं, माझं, त्यांचं.
कुदळ पुसून खाली आले. ती मळलीच नव्हती.

रात्री माळ्यावर, लोकर कातरायच्या कात्रीमागे
आईचा लोकरी मोजा हाताला लागला.
आत बोटभर मूळ.
बाहेरून तपकिरी, मोडलं तर आत पिवळं.

थंड पाण्यात ठेवलं सकाळपर्यंत.
बाबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
तीन पिढ्यांना पुरेल अशी शिवी हासडली.
"कुणी काढलंय हे? चांगलं वाळवलंय."
"तुम्हीच. वाळवलं आईने."

बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, पाव आहे का. मीठ लावून.

अर्धा खाल्ला त्यांनी.
उरलेला मी, समोर बसून.