अकरा सेकंद

वुओक्कोच्या हुद्द्याचं नाव लांबलचक,
पगार बेताचा, करार मेपर्यंत.
काम एवढंच : माणूस गप्प झाला की
यंत्रानं किती वेळ गप्प राहायचं, ते मोजणं.

औलूचा वृद्धाश्रम. दुपारी दोनलाच अंधार.
तावेत्ती कोइवुरान्ता, वय ब्याण्णव,
नदीतून ओंडके वाहून नेण्यात हयात गेलेली.
गुडघ्याएवढा रोबो विचारतो,
‘रात्री झोप लागली का?’
तीन सेकंद.
पुन्हा विचारतो.
म्हातारा भिंतीकडे कूस वळवतो.

लॅबमध्ये म्हणाले, ऐकू येत नसेल, आवाज वाढव.
तिनं नाही वाढवला.
तिचे वडीलही असेच होते :
मीठ पुरे का विचारलं
तरी आधी तळ्याकडे बघून घ्यायचे.

तिनाच्या जागी तिनं अकरा लिहिले.

सोमवारी रोबो विचारून थांबला.
चार. सात.
बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं.
नऊ.
‘बायको आली होती स्वप्नात,’ तावेत्ती म्हणाला,
‘बोलली मात्र नाही.’

रोबोच्या यादीत पुढचं वाक्य होतं,
‘अरे वा, छान!’
वुओक्कोनं वही टाकून
घाईघाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.