गुडघे टेकल्यावर

मुरारच्या छावणीतून ती सायकलवर येते
पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत.
ग्वाल्हेरला मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं
आणि ही पोरगी मला सांगते
की तिचा खेळ बर्फावरचा.

शर्वाणी फाळके, वय पंधरा.
वडील सुभेदार, तीन वर्षं जोशीमठला होते.
तिथे औलीच्या उतारावर हिचे पाय घसरायला शिकले,
बदली झाली, सामान आलं,
पाय काही परत आले नाहीत.

पहिल्या दिवशी तिनं मांडी दाखवली. पुढची.
टणक, जात्याच्या पाळीसारखी.
"बघा मॅडम, रोज दोनशे बैठका."
मी म्हटलं, वळ.
मागे हात लावला तर
लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यासारखा स्नायू,
कुणी कधी काही काम न सांगितलेला.

यंत्रावर मोजलं. पुढचा ओढतो शंभर,
मागचा थोपवतो अठ्ठेचाळीस. डावीकडे त्रेचाळीस.
वहीत आकडे लिहिले, खाली रेघ मारली,
जरा जास्तच दाबून.

उतारावर तोल मागे गेला
की बूट नडगीला पुढे रेटतो,
पुढचा स्नायू भोळा, तोही तिकडेच ओढतो.
आत फुलीसारखे दोन दोर,
त्यातला एक ताणतो, ताणतो,
तेव्हा मागून कुणीतरी खेचायला हवं.
पाठबळ म्हणतात ते हेच,
आणि आपण ते जन्मभर दुसऱ्याकडे मागतो.

मला तो आवाज माहीत आहे.
अठ्ठ्याण्णव साली, हॉकीच्या मैदानावर, टक्.
वाळकी शेंग फुटावी तसा.
मैत्रिणींना वाटलं, स्टिक मोडली.
मला कुणी म्हटलं नव्हतं, वळ.

म्हणून ही सतरंजी.
शाळेत "वाक्यात उपयोग करा" मध्ये
गुडघे टेकणे म्हणजे हार मानणे असं लिहून
दोन मार्क मिळवले होते मी.
इथे गुडघे टेकल्यावर सुरुवात.
ती टेकते, मी टाचा दाबून धरते,
अंग सरळ ठेवून पुढे झुकायचं
आणि झुकताना स्वतःलाच अडवायचं.
पहिला आठवडाभर ती नाकावर आपटली.
तिची आई दारातून म्हणाली,
"एवढे पाय धरता तिचे, काही मागून तरी घ्या."
मागितलं. मनात.

रविवारी किल्ला. उरवाईच्या चढणीला
कातळात उभे ते उंच दिगंबर,
हात सरळ, गुडघे सरळ,
इतक्या शतकांत एकदाही न वाकलेले.
"यांच्या गुडघ्यांना काही झालं नाही," ती म्हणाली.
मी म्हटलं, हे कधी उतरलेत?
मग ती खाली निघाली, एकेका पायावर बसत, उठत,
गुडघा पंजाच्या रेषेत, आत झुकू द्यायचा नाही.
सहलीच्या पोरांनी हसून वाट दिली.
मी मागून, कठडा धरत, कडेकडेनं.

दिवाळीत साठ. डावीकडे एकोणसाठ.
वहीवर तिनं आईची टिकली चिकटवली.

जानेवारीत गजकचा डबा घेऊन ती गेली.
मी रजईत, मोबाइल उशाशी.
दुपारी निरोप:
"पडले मॅडम. तिसऱ्या गेटला. मागे.
स्की अडकली, पाय वळला.
मग उठले, बर्फ झटकला.
नंबर सतरावा. आई म्हणते सांगू नको."

तीनदा वाचला.
त्यात टक् कुठेच नव्हतं.

फेब्रुवारीत ती आली, पोटरीवर जांभळा डाग,
बाकी सगळं जागच्या जागी.
आज टाचांवर तिचा धाकटा भाऊ बसलाय, शेव खात,
हल्ली चांगला जड झालाय.
"अजून हळू," मी खुर्चीवरून सांगते.
ती अर्ध्या झुकावावर थांबते, थरथरत,
मान वर न करता म्हणते,
"मॅडम, नंतर तुम्ही वळा. मी बघते."

मी म्हटलं,
आधी तुझे दहा होऊ देत.