मार्वे ते मनोरी

पहाटेच्या पहिल्या फेरीला
माणसाचं एक तिकीट, सायकलचं वेगळं.
तिसरं कुणी मागितलं नाही,
नाहीतर मानगुटीवरच्याचंही काढावं लागलं असतं.

गोराईपर्यंत मी साहेबाशीच भांडत होतो,
मोठ्यानं, मुद्देसूद.
मग चढ लागला
आणि श्वास दुसऱ्या कामाला लागला.

परतताना मनोरीत
वलांडीवर बोंबील,
जबड्यात जबडा अडकवून.
तिथंच चेन पडली.
घाईघाईत बसवतोय
तर टोपलीवरून मान वर करून फिलोमिनाबाई:
"कुठं चाललास रे?"
"कुठंच नाही."
"मग उशीर कशाला होतोय?"

बोटीत आठवून पाहिलं,
साहेबाला द्यायचं ते शेवटचं उत्तर.
नाही आठवलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये
नखांत अजून ग्रीस होतं.
हात टेबलावरच ठेवले.