वर्ग सात

सातपूरला, पावडर कोटिंगच्या वर्कशॉपवर,
दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खालून भट्टीचा वास, वरून एसी.
मी दिवसाला नऊशे फोटो बघते,
सगळे ड्रोननं उंचावरून काढलेले.
सवय अशी लागली आहे की
सिटी बसमध्येसुद्धा मला आधी
बसलेल्यांचे भांग दिसतात.

काम सोपं आहे.
पानावर डाग दिसला की भोवती चौकट ओढायची,
मग आकडा द्यायचा.
एक म्हणजे भुरी. दोन, डावणी. तीन, करपा.
चार, उन्हानं भाजलेलं. पाच, नुसती धूळ.
सहा, काहीच नाही.
सात, माणूस.

बोरस्ते सर म्हणतात, मशीन अजून लहान पोर आहे,
दाखवाल ते शिकेल.
मग मोहाडी, जानोरी, खेडगाव, सगळ्या बागांवरून
ते आपलं आपण फिरेल,
औषध पडेल फक्त आजारी वेलीवर,
आणि खाली कुणी असलं तर नोझल आपोआप बंद.
खाली कुणी आहे हे त्याला कळलं तर.

डावणीचा एक घोळ आहे.
वरून दिसतो तो पिवळा ठिपका,
तेलाचा थेंब सांडल्यासारखा.
खरी बुरशी असते पानाच्या पाठीला.
पान उलटावं लागतं,
आणि ड्रोनला बोटं नाहीत.
हे मला ऑफिसात कुणी शिकवलं नाही.
पेठहून पिकअपमध्ये उभ्यानं यायचो दिवाळीनंतर,
मी आईची कंबर धरून.
बागेत ती पान उलटायची, अंगठ्यानं पुसायची,
मुकादमाला सांगायची, ही ओळ गेली बरं का.
मुकादम म्हणायचा, तू घड बुडव.
चार दिवसांनी मालक धावत यायचा
आणि मुकादमालाच विचारायचा.

काल दुपारी, फोटो सहाशे बारा.
दोन ओळींच्या मध्ये, अर्धं पानांखाली,
मातकट रंगाचं काहीतरी.
मशीननं आपला अंदाज आधीच लिहून ठेवलेला:
पाच. चौपन्न टक्के.

मी मोठं करून पाहिलं.
फडकं होतं, डोक्याला बांधलेलं.
कोपऱ्यात जांभळं ठिगळ,
माझ्या दहावीच्या ओढणीचं.
एका हातात जीएचा मग, दुसऱ्यात घड,
आणि तोंड वर.
ती ड्रोनकडेच बघत होती.
फोनवर ती त्याला कुंभारीण म्हणते.
आज पण आली होती कुंभारीण,
नुसती घोंगावते बाई,
माती काही आणत नाही, घर काही बांधत नाही.

चेहरा एवढासा, तांदळाच्या दाण्याइतका.
पहिली चौकट सैल झाली, पुसली.
दुसरीत मग कापला जात होता.
तिसऱ्यांदा ओढली, फडक्यापासून टाचेपर्यंत.
नियम सांगतो, कडा अंगाला चिकटून हवी.
मी जरा जागा सोडली,
तिला उठून उभं राहता यावं म्हणून.

मग सात दाबला.
आई शाळेत गेली ती दुसरीपर्यंत.
काल मी तिला थेट सातव्या वर्गात घातली,
बाजूच्या टेबलावरच्या मृणालला हे सांगणार होते,
पण तिच्या कानात हेडफोन होते.

रात्री फोन केला.
अंगावर पडलं का काही?
पडलं जरासं. धुतलं लगेच.
खोकला?
खोकला काय, आधीपासूनच आहे.
मी म्हटलं, शिकेल ते. आठ-दहा दिवस लागतील.
कोण शिकेल, तिनं विचारलं.
मी म्हटलं, जाऊ दे. कितीजणी होता आज बागेत?
ती मोजायला लागली, नावं घेत घेत,
सोनकी, तिची जाऊ, भिवंताची नवी सून,
हरसूलच्या दोघी...
चौदा, म्हणाली.

मी त्या बागेच्या सगळ्या फोटोंमध्ये मिळून
नऊच चौकटी ओढल्या होत्या.

उद्या सकाळी लवकर जाते.
सर यायच्या आत
धुळीचा फोल्डर उघडायचा आहे.